खोटी तिरडी

उत्तमरावांना ठसका लागला आणि शांताबाईंनी त्यांचा दंड धरला. ठसकाच तो. स्वागताच्या संत्र्याच्या सरबतात एखादी बी राहून गेली असेल, ती घशाशी अडली, दोनदा खोकले, डोळ्यांत पाणी आलं, रुमालानं पुसलं आणि संपलं. पण तेवढ्यात शांताबाईंच्या मनानं नागपूरला मुलाला, रोशनला फोन लावला होता, अंगणात खुर्च्या टाकल्या होत्या आणि कोणाला कळवायचं राहिलं याची उजळणीही करून घेतली होती. वर्षभर हेच चाललं होतं. नवऱ्याला उचकी लागली की त्यांचं मन धावत थेट मसणवटीपर्यंत जाऊन थांबायचं, आणि उत्तमराव मागं आपले निवांत, तंबाखू मळत बसलेले. दुपारी जेवून ते आडवे झाले की शांताबाई सूप घेऊन काहीतरी पाखडत बसत आणि सुपाआडून त्यांच्या पोटाकडं बघत. पोट वर आलं की ते खाली जाईपर्यंत यांचा श्वास अडकलेला. नवरा घोरला तर बरं वाटावं, असे दिवस आले होते. हे कोणाला सांगण्यासारखं नव्हतं. विहारात बायकांची वंदना घेणारी बाई ती, नव्या सुनांना जुन्या खुळचट रीती सोडायला सांगणारी. तिनं कोणत्या तोंडानं म्हणावं की माझ्या जिवंत नवऱ्याला सिनेमावाल्यांनी तिरडीवर निजवलं, तेव्हापासून मला धड जेवण जात नाही.

पांढुर्णा जिल्हा झाल्यापासून गावाला सगळंच हवं झालं होतं, आणि आता हा फिल्म फेस्टिवल. लग्नाचं लॉन भाड्यानं घेतलेलं, फाटकापासून हॉलच्या दारापर्यंत लाल गालिचा, दोन्ही बाजूंना चकचकीत खांब आणि त्यांना बांधलेला मखमली दोर. दोराच्या अलीकडे रामाकोन्याची मंडळी नव्या कपड्यांत उभी होती, कारण सिनेमा रामाकोन्यात झाला होता आणि अर्धं गाव त्यात कुठं ना कुठं दिसणार होतं. कोणी विहिरीवर पाणी भरताना, कोणी संत्र्याच्या पेट्या गाडीत चढवताना. पण खरं काम एकट्या उत्तमरावांचं. सिनेमाची गोष्टच मुळी म्हाताऱ्याच्या मरणापासून सुरू होत होती आणि तो म्हातारा म्हणजे उत्तमराव, सौसरच्या नगरपालिकेत जन्मभर पाण्याचे पंप चालवून निवृत्त झालेले. "आपुन तं पयल्याच शीनमंदी हाव," असं ते आतापर्यंत दोराजवळच्या प्रत्येकाला सांगून चुकले होते. सून अश्विनी मोबाईल वर धरून त्यांचे फोटो काढत होती आणि ते छाती काढून उभे राहत होते. मेलेल्याचं काम मिळालेला माणूस इतका खूश कसा असू शकतो, हे शांताबाईंना लग्नाला इतकी वर्षं होऊनही उमगलं नव्हतं.

तसं बघितलं तर झालं काय होतं? काहीच नाही. गेल्या वर्षी संत्र्याला आंबिया बहार आला होता, सगळ्या गावाला फुलांचा वास होता, तेव्हा ही सिनेमाची माणसं आली. त्यांना एक जुनं पडवीचं घर हवं होतं आणि स्वस्थ पडून राहणारा एक माणूस. पहिला जो धरला त्याला तिरडीवर ठेवलं की हसूच यायचं, दुसऱ्याला नाकातल्या कापसानं शिंका. उत्तमरावांनी सहज म्हटलं, मी पडून दाखवू का? आणि असे पडले, असे पडले, की त्या चष्मेवाल्या दिग्दर्शक पोरीनं जवळ जाऊन "काका?" म्हणून हाक मारली. शांताबाई तेव्हा स्वयंपाकघराच्या दारात होत्या. त्यांनी ती हाक ऐकली आणि उत्तमरावांनी ओ दिली नाही तेही ऐकलं. मग ते डोळे उघडून हसले, सगळे हसले, टाळ्या झाल्या. शांताबाई हसल्या नाहीत. त्या संध्याकाळी त्या म्हणाल्या होत्या, "जित्या माणसाले तिरडीवर नाई निजवत जी." त्यावर उत्तमराव म्हणाले, "तू विहारात बाया जमवतं, अन् हे असं बोलून राहिली? अंधश्रद्धा हाय थे, शांते. बिलकुल अंधश्रद्धा." बरोबरच होतं त्यांचं. शांताबाईंना स्वतःलाही ते बरोबर वाटत होतं. पण बरोबर असल्यानं भीती कमी होते असं थोडंच आहे. उलट तिला बोलायची चोरी होते आणि ती आत मुक्काम ठोकते.

आणि मग ती प्रतिभाताई. मुंबईची नटी, उत्तमरावांच्या बायकोचं काम करणारी. साधी बाई, गोड बोलायची, शांताबाईंच्या शेजारी पाटावर बसून भाकर कशी थापता ते बघायची. तिला वापरलेली, मऊ पडलेली साडी हवी होती. शांताबाईंनी आपली मेंदी रंगाची सुती साडी काढून दिली. पाहुण्या बाईनं अंगावरचं मागितलं तर नाही कसं म्हणायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या अंगणात आल्या तेव्हा त्यांच्याच साडीत, त्यांच्याच पडवीत, त्यांच्याच नवऱ्याच्या छातीवर डोकं ठेवून कोणीतरी हंबरडा फोडत होतं. ते रडणं खोटं नव्हतं. खोटं असतं तर कळलं असतं. शांताबाईंना वाटलं, आपणच तिथं पडलेलो आहोत आणि आपणच इथं उभे राहून बघतो आहोत, आणि यातली नक्की कोणती बाई संध्याकाळी घरात राहणार आहे हे अजून ठरायचं आहे. त्या बाईच्या गळ्यात काही नव्हतं, कपाळ मोकळं होतं. सिनेमासाठी तसं केलं असेल. पण नसेल तर? ती खरीच तशी असेल तर? एवढं रडू कुठून आणते ही? विचारावं असं फार वाटलं आणि विचारता आलं नाही, आणि तो न विचारलेला प्रश्न त्या वर्षभर घेऊन बसल्या. साडी परत आली ती धुऊन, इस्त्री करून, प्लॅस्टिकच्या पिशवीत. शांताबाईंनी ती पिशवी न उघडताच कपाटावर टाकून दिली.

एवढ्यावर भागलं असतं. पण तिरडी खरंच उचलली, रामाकोन्याच्या रस्त्यानं नेली, मागं गाव चाललं. शेजारची देवकाबाई, कापूस वेचून वेचून पाठ वाकलेली म्हातारी, तिला हे सगळं खोटं आहे म्हणून दहा जणांनी सांगितलेलं, तरी ती रडली. आणि दिवेलागणीला भाकरी नि पिठलं फडक्यात बांधून शांताबाईंच्या दारात उभी.

"हे का आणलं वो, मावशी?"

"कडू घास हाय. चूल पेटवली तं नाई ना?"

"अवो, थे मेले नाई. थे का, आंग धुऊन राहिले."

"माहीत हाय मले," देवकाबाई म्हणाली. "खोटी का असेना, तिरडी तं निंगाली ना घरातून? मंग त्या घरात त्या दिशी चूल नाई पेटवत. घे, बाप्पा. शास्त्र हाय थे."

म्हणजे मयताच्या घरी शेजाऱ्यांनी पहिलं जेवण न्यायचं असतं, ते हिनं आणलं होतं, मयत जिवंत असताना. आणि शांताबाई तरी काय कमी होत्या? त्यांनीच नवऱ्याला घरात पाऊल टाकू न देता बाहेर न्हाणीत आंघोळीला बसवलं होतं आणि हातावर कडुलिंबाचा पाला ठेवला होता, मसणातून आलेल्या माणसाला देतात तसा. उत्तमराव डोक्यावरून पाणी निथळत विचारत होते, "आता का मी माह्याच मातीले जाऊन आलो का?" आणि पाला चघळून थुंकून, आपल्याच मयताचं पिठलं मिटक्या मारत खाल्लं. दोन भाकरी संपवल्या. शांताबाईंना घास उतरेना. चूल त्यांनी त्या दिवशी पेटवली नाही. पेटवायला पाहिजे होती, असं त्यांना दुसऱ्या दिवशीपासून वाटायला लागलं. चूल न पेटवून आपण ते खरं मानलं. सगळं खोटं चाललं होतं, त्यावर सही आपण केली.

आज येताना गाडी जामसांवलीवरून आली. मंदिराच्या फाट्यावर गर्दी होती, नारळांची दुकानं होती, गाडीतल्या निम्म्या लोकांनी हात जोडले. तिथला हनुमान आडवा पडलेला आहे असं शांताबाई लहानपणापासून ऐकून होत्या. लोक त्याला आडवा बघतात आणि कोणाला त्यात वावगं वाटत नाही. देव निजला आहे म्हणतात. त्यांचे हात मांडीवर हलले. त्यांनी ते पदराखाली घेतले आणि खिडकीतून बाहेर संत्र्याच्या बागा बघत बसल्या. शेजारी उत्तमराव मान टाकून झोपले होते. शांताबाईंनी त्यांना कोपरानं ढोसून उठवलं. "का झालं?" "काई नाई. पांढुर्णा आलं," त्या म्हणाल्या. पांढुर्णा यायला अजून अर्धा तास होता.

फाटकाशी गलका झाला. गाड्या आल्या. सिनेमातला मुलगा झालेला अंकुर आधी उतरला, काळा कोट, केसांना काय काय लावलेलं. पोरी दोरावरून ओणवल्या. तो गालिच्यावरून हसत, हात हलवत, फोटोवाल्यांसाठी थांबत आला आणि रामाकोन्याची माणसं दिसताच थेट दोराशी आला. "बाबा!" म्हणाला आणि सगळ्यांसमोर उत्तमरावांच्या पाया पडला. "खांदा अजून दुखतो हो माझा. काय वजन तुमचं." लोक हसले. उत्तमराव म्हणाले, "पुढच्या खेपीले कमी करून येतो." पुढच्या खेपीले. शांताबाईंनी ओठ दाताखाली धरले. हा माणूस जीभ चावत नाही ती नाहीच. अंकुरनं दोर वर उचलला आणि म्हणाला, तुम्ही बाहेर का उभे, तुम्ही कलाकार, या आत. उत्तमराव वाकून आत गेले आणि गालिच्याच्या कडेला थबकले. मग त्यांनी पायांतले बूट काढले आणि नीट जोडून बाजूला ठेवले. बिल्ला लावलेली एक मुलगी धावत आली, "काका, बूट घालून चालतात यावर." उत्तमराव म्हणाले, "पायघडी हाय ना थे? बूट घालून कसं चालाव?" आणि त्यांचं बघून शांताबाईंनीही नकळत चपला काढल्या होत्या. अंगठ्याशी भोक पडलेल्या मोज्यांत नवरा पुढं, अनवाणी त्या मागं. गालिचा तळव्यांना खरबरीत लागत होता आणि त्याखालची गिट्टी टोचत होती. लांबून वाटला तेवढा काही तो मऊ नव्हता.

तेवढ्यात मागच्या गाडीतून प्रतिभाताई उतरल्या. शांताबाईंनी आधी ओळखलंच नाही. जरीकाठी साडी, केसांत गजरा, उंच टाचा, चेहरा उजळलेला. त्यांना आठवत होती ती बाई मेंदी रंगाच्या साडीतली, विस्कटलेली, मोकळ्या कपाळाची. ही कोणीतरी भलतीच. नजर आपोआप गळ्याकडं गेली. गळ्यात मोत्यांचं काहीतरी होतं, त्यावरून काही कळेना. आजकाल गळ्यावरून काय कळतं. प्रतिभाताई फोटोवाल्यांना हसून दाखवत होत्या, वळून दाखवत होत्या, आणि वळता वळता त्यांना शांताबाई दिसल्या. त्या चालत आल्या, भोवतालची सगळी गर्दी सोडून, आणि शांताबाईंचे दोन्ही हात धरले.

"शांताताई. अहो, ओळखलं नाही का? तुमची साडी नेसून फिरत होते मी."

शांताबाईंना बोलायचं होतं की ओळखलं, या, बरं झालं, घरी येऊन जा. तोंडातून निघालं ते वर्षभर आत बसलेलं. "तुमचे मालक कसे हायेत?"

प्रतिभाताईंना क्षणभर काही समजलं नाही. कॅमेरे चमकत होते. शांताबाईंना वाटलं, झालं, चुकीचं विचारलं, आता या बाईचा चेहरा पडणार, आणि या सगळ्या झगमगाटात ती सांगणार की ते नाहीत. आणि ते नसले तर मग ते रडणं खरं होतं, आणि ते खरं आपल्या घरात, आपल्या साडीत, आपल्या माणसाच्या छातीवर सांडलेलं होतं. तळव्याखालचा एक खडा त्यांनी अंगठ्यानं घट्ट दाबून धरला.

"कसे असणार," प्रतिभाताई म्हणाल्या आणि मान वळवून गाड्यांच्या दिशेनं हाक दिली. "अहो, जरा इकडे या. इकडे. तुमची चौकशी चाललीय."

दोराच्या पलीकडून एक गोरेसे, टक्कल पडलेले गृहस्थ आले. एका हातात बायकोची पर्स, दुसऱ्यात थर्मास, पायांत साध्या चपला. दोर ओलांडू की नको असं करत तिथंच थांबले. गुडघा चोळत म्हणाले, "रस्ता फार खराब आहे तुमचा. गुडघा गेला माझा."

"हे बघा," प्रतिभाताई म्हणाल्या. "यांच्या नावानं मी किती वेळा कुंकू पुसलंय, विचारा यांनाच."

"मी मोजणं सोडलंय," गृहस्थ म्हणाले. "पहिल्यांदा मेलो तेव्हा आमचं लग्नसुद्धा झालं नव्हतं."

शांताबाई त्यांच्याकडं बघत राहिल्या. पोट सुटलेलं होतं. शर्टाचं एक बटण वरखाली लागलेलं होतं. नाकावर घामाचे थेंब होते आणि ते थर्मासचा हात उचलून मनगटानं पुसत होते. मराठी सिनेमांत, नाटकांत, मालिकांत पुन्हा पुन्हा मेलेला हा माणूस गुडघ्याबद्दल कुरकुर करत उभा होता. शांताबाईंना त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं. त्याऐवजी त्या हळू आवाजात प्रतिभाताईंना म्हणाल्या, "तुमाले भेव नाई वाटत?"

प्रतिभाताई हसल्या नाहीत. त्यांनी हात सोडले नाहीत. "लग्नानंतर पहिल्या वेळी वाटलं होतं. घरी गेले तर हे दुपारचे झोपलेले. मी गदागदा हलवून उठवलं. घाबरून उठले, पलंगाला डोकं आपटलं, खोक पडली. अजून ऐकवतात मला." मग जरा थांबून म्हणाल्या, "तुम्हीही हलवता का?"

"ढोसतो कोपरानं," शांताबाई म्हणाल्या. "मघाशी गाडीतही ढोसलं."

दोघी हसल्या. शांताबाईंना आपलं हसू ऐकून आश्चर्य वाटलं, इतक्या मोठ्यानं त्या कितीतरी दिवसांत हसल्या नव्हत्या. छातीवर ठेवलेला पाटा कोणीतरी उचलून बाजूला ठेवला असं झालं, आणि श्वास थेट पोटापर्यंत गेला. इतकं साधं होतं तर. त्यांना वाटत होतं की ही भीती आपल्या एकटीची, आपल्या अर्धवटपणाची, विहारात जाऊनही न सुटलेल्या कसल्यातरी जुनाट रोगाची. आणि ही मुंबईची शिकलेली बाई, हिनं तर खोक पाडली होती. शहाणपण आणि भीती एकाच घरात नांदतात, सासू-सुनांसारखी; त्यात लाजायचं काय. लाज गेली तशी भीतीही निघाली. शांताबाई गालिच्यावरून पुढं चालू लागल्या. अश्विनी मागून ओरडत होती, "आई, इकडं पाहा, फोटो." त्यांनी पाहिलं. तो फोटो पुढं बरेच दिवस घरी सगळ्यांना दाखवला गेला. त्यात त्या अनवाणी आहेत आणि कोणत्याही नटीपेक्षा जास्त मोकळ्या हसत आहेत.

हॉलमध्ये लग्नाच्याच खुर्च्या होत्या, पांढऱ्या कापडाच्या. दिवे गेले. पडद्यावर रामाकोन्याची सकाळ आली, संत्र्यांची पांढरी फुलं आली, आणि मग त्यांची पडवी. जमिनीवर उत्तमराव. नाकात कापूस. पडदा एवढा मोठा की एकेक भुवई हाताएवढी. शांताबाईंनी डोळे मिटायची तयारी करून ठेवली होती, पण मिटायची गरज पडली नाही. त्या बघत राहिल्या. मेंदी रंग प्रतिभाताईंना खुलून दिसत होता. भिंतीचा पोपडा निघालेला कॅमेऱ्यात आला होता, सांगितलं असतं तर चुना मारून ठेवला असता. नवरा देखणा दिसत होता. कपाळ, नाक, सगळं रेखीव. जिवंतपणी तोंड चालू असल्यामुळं हे कधी लक्षातच आलं नव्हतं. हॉलमध्ये नाकं ओढण्याचे आवाज येऊ लागले. शांताबाईंना कोणाचंच दुःख होत नव्हतं. उद्या त्या कपाटावरची पिशवी काढून साडी नेसणार होत्या.

मग त्यांच्या लक्षात आलं की शेजारी उत्तमराव गप्प आहेत. मघापर्यंत "आता पाहा, आता मी येतो" म्हणून पुढच्या-मागच्यांना हलवत होते. अंधारात त्यांचा हात खुर्चीवरून चाचपडत आला आणि शांताबाईंच्या मनगटावर घट्ट बसला. हात ओला होता.

"शांते."

"का जी?"

"घरी जाऊ आपण."

"कायले? आता तं सुरू झाला."

पडद्यावर देवकाबाई तोंडात पदर घालून रडत होती, खरंखुरं. "थे पाह्य," ते म्हणाले. "थे काई नाटक नाई करून राहिली. मी मेलो तं असंच होईन ना सारं? असंच घर दिसन, अन् मी असा मधात." त्यांचा आवाज अगदी बारीक झाला. "मले भेव वाटून राहिलं वो."

अंधश्रद्धा हाय थे, बिलकुल अंधश्रद्धा. शब्द शांताबाईंच्या जिभेच्या टोकावर आले, उत्तमरावांच्याच आवाजात, त्यांच्याच ठेक्यात. वर्षभर झोपमोड करून घेतलेल्या बाईला तेवढा हक्क होता. पण त्यांना बोलावंसं वाटलं नाही. त्यांनी दुसरा हात नवऱ्याच्या हातावर ठेवला. "मेले तं होईनच असं," त्या म्हणाल्या. "कोणाचं नाई होत? पण आज कुठं मेले तुमी? आज तं तुमाले घरी जाऊन जेवाचं हाय. का करू थे सांगा."

पुढच्या रांगेतल्या बाईनं वळून शुक् केलं. उत्तमराव विचार करत होते. त्यांच्या हाताची पकड हळूहळू सैल होत होती. पडद्यावर चार जणांनी तिरडी उचलली, हॉलमध्ये कोणीतरी मोठ्यानं हुंदका दिला, आणि गाव उत्तमरावांना खांद्यावर घेऊन वेशीच्या दिशेनं निघालं.

"वांग्याचं भरीत कर," उत्तमराव म्हणाले. "पण तिखट कमी टाकजो. मागच्या खेपीले लय झालतं."